हंडा, चुंबळ आणि वाकड्या जागेचं गणित

शहापूर तालुक्याचं पाणी मुंबईला जातं हे मी नव्याने सांगायला नको. तानसाचं धरण १८९२ सालचं. भातसा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, आणि आज मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा असतो. आणि त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मे उजाडला की टँकर फिरतात. यावर वर्तमानपत्रांतून दरवर्षी लिहून येतं, आपल्यातलेही काहीजण पोटतिडकीने लिहितात. मला आज दुसऱ्याच एका वस्तूबद्दल लिहायचं आहे. ती मुंबईत तयार झाली आणि आमच्या बाजूला कधी आलीच नाही. ती म्हणजे वाकड्या जागेचं गणित.

हसू नका. मला ठाऊक आहे, नातेवाईक मंडळी म्हणणार, निवृत्तीनंतर मास्तरांचं डोकं फिरलं :-) पण थोडं वाचून तर बघा.

कुलाब्याला समुद्राच्या काठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आसनगावहून लोकलने दोनेक तास, पुढे बस. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे विजयकुमार पटोदी नावाचा एक तरुण संशोधन करायला आला. मूळचा मध्य प्रदेशातल्या गुन्याचा. वाकड्या पृष्ठांवर उष्णता कशी पसरते याचं गणित त्याने असं काही सोडवलं की जगातल्या मोठ्या गणितज्ञांनी मान वर करून पाहिलं. पुढे मायकेल अटिया आणि इसाडोर सिंगर या दोन दिग्गजांबरोबर त्याने शोधनिबंध लिहिले. ते आजही ‘अटिया-पटोदी-सिंगर’ या नावाने ओळखले जातात. तिशीत प्राध्यापक झाला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. वय वर्षं ३१. त्या संस्थेतला माणूस तानसा-वैतरणेचंच पाणी पीत होता. पण शहापूर-मुरबाडच्या एखाद्या शाळेत जाऊन विचारा, पटोदी कोण? पोरांना तर नाहीच, गणिताच्या शिक्षकांनाही हे नाव ऐकल्याचं आठवणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या गणितातली समीकरणं नव्हे, पण त्यातला विचार आठवी-नववीच्या मुलांना मराठीत सांगता येतो. सांगायला हवा. आणि आमच्याकडच्या मुलांना तो शहरातल्या मुलांपेक्षा सोपा जाईल, कारण त्याला लागणारं सगळं साहित्य त्यांच्या घरात आणि घाटात पडलेलं आहे.

मी स्वतः बी.ए., तेही मराठी माध्यमातून. तेव्हा माझा अधिकार किती ते उघड आहे. माझ्या पुतणीचा मुलगा या विषयात संशोधन करतो, त्याला फोनवर छळून छळून मी हे समजून घेतलं. पण एक फायदा आहे. समजायला मला जितका वेळ लागला तितका त्याला लागला नसेल, त्यामुळे कुठे अडतं ते मला जास्त ठाऊक.

तर द्रोणापासून सुरू करू. पळसाचं पान सपाट असतं. त्याची सुरळी करा, पुडी करा, काही अडत नाही. पण द्रोण करायला घ्या. चुणी घालावीच लागते आणि ती सुटू नये म्हणून काडीने टाचावी लागते. का? कितीही हुशार बाईने केला तरी बिनचुणीचा द्रोण होत नाही. यात पानाचा दोष नाही, हाताचाही नाही. सपाट वस्तू ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय वाटीसारखी होऊच शकत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं. सुरळी आणि पुडी वाकलेल्या दिसतात, पण गाउसच्या हिशेबात त्या सपाटच. द्रोण मात्र खरा वाकडा. याच कारणाने पृथ्वीचा एकही सपाट नकाशा बिनचूक निघत नाही. अमेरिकेला जाणारं विमान नकाशावर उगाच उत्तरेला वळसा घेऊन जाताना दिसतं तेही याचमुळे. विमान जवळच्या वाटेनेच जात असतं, वाकडा असतो तो नकाशा.

आता दहावीच्या पुस्तकात काय आहे बघा. महत्त्वमापनात गोलाचं पृष्ठफळ येतं, सूत्रात त्रिज्या घालायची आणि उत्तर काढायचं. त्या गोलावर काढलेला त्रिकोण मात्र कुठे येत नाही. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश हे आपण वेदवाक्यासारखं शिकवतो. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून दोन रेखावृत्तं ९० अंशांच्या अंतराने विषुववृत्तापर्यंत आणा, तिन्ही कोन काटकोन होतात. बेरीज २७०. भूगोलाच्या तासाला हाच गोल टेबलावर असतो. पण भूगोलाचा तास संपला की तो कपाटात आणि गणिताचा तास सुरू. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत एवढी मोठी गोष्ट हरवते.

कुणी म्हणेल, आपल्या अंगणातल्या त्रिकोणाला काय फरक पडतो? पडत नाही हे खरं आहे. सुमारे हजार चौरस किलोमीटरचा त्रिकोण घेतला तर कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जेमतेम ५ सेकंदांनी वाढते. एका अंशाचे ३६०० सेकंद, त्यातले पाच. ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला एवढाही फरक हिशेबात धरावा लागला, हा भाग वेगळा. आणि जवळून पाहिलं तर वाकडं सपाट दिसतं, हेही आपल्याकडे नवीन नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त हेच सांगितलं आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळ वाटतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, आणि त्या लेखाचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी गणिताच्या पाठशाळेची देणगी मराठीत नोंदवायला कुणाला लाज वाटली नव्हती. असो.

एक प्रयोग सांगतो, वर्गात खडू आणि खोका एवढंच लागतं. खोक्याच्या कोपऱ्याशी तीन पृष्ठं मिळतात, प्रत्येकाचा कोन ९०. बेरीज २७०. सपाट जमिनीवर एका बिंदूभोवती ३६० असतात, म्हणजे इथे ९० कमी पडले. कोपरे आठ. आठ नव्वदे सातशेवीस. आता चार त्रिकोणी तोंडांचा पुठ्ठ्याचा पिरॅमिड करा, सगळे त्रिकोण समभुज. टोकाशी तीन वेळा ६० म्हणजे १८०, कमी पडले १८०. टोकं चार. पुन्हा सातशेवीस! पुठ्ठ्याचं कुठलंही बंद, भोक नसलेलं घर करा, कसंही वेडंवाकडं, तूट ७२० च येते. झाकण लावलेल्या हंड्यालाही वाकडेपणाचा एकूण हिशेब तेवढाच, पोचे पडलेले असले तरी. एका ठिकाणी पोचा पडून वाकडेपणा वाढला तर शेजारी तितकाच कमी होतो.

आता एक जाड लाकडी चौकट घ्या, फोटोची असते तशी, मधे चौकोनी भोक. बाहेरचे आठ कोपरे, प्रत्येकी ९० ची तूट, झाले ७२०. आतले कोपरे बघा. वरच्या पृष्ठाचा कोन तिथे २७० होतो, शिवाय आतल्या दोन भिंतींचे ९० आणि ९०. एकूण ४५०. म्हणजे तूट नाही, उलट ९० जास्त. असे आठ. जमाखर्च शून्य. भोक पडलं आणि सातशेवीसचं शून्य झालं.

ही चौकट गोल करून कापडाची केली की तिला आपण चुंबळ म्हणतो.

इथे मला हंडा आणि चुंबळ दोन्ही एकाच वेळी समोर ठेवावीशी वाटतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. एकाला भोक नाही, एकीला आहे. भूमितीचा सगळा फरक बाई डोक्यावर घेऊन चालते. पण लगेच सांगतो, मला हंड्याचं कौतुक करायचं नाही. पाण्याच्या खेपांपायी शाळेला उशीर होणाऱ्या मुली आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला आठवतील. नळ यायलाच हवा, आणि आला की चुंबळ खुंटीला लागेल ते उत्तमच. तोपर्यंत ज्या मुलीला ती रोज वळावी लागते तिला निदान हे तरी कळू द्या, की तिच्या हातात जी वस्तू आहे तिच्यावर जगातल्या मोठ्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत.

आता हार्मोनिक म्हणजे काय ते. त्यासाठी मैदानावर खेळायचा एक खेळ. चार मुलं मधे चौकोनात उभी करा, दोन उत्तरेच्या ओळीत, दोन दक्षिणेच्या. त्यांच्या चारी बाजूंना आठ मुलं काठावर. काठावरच्या मुलांचे आकडे पक्के, बदलायचे नाहीत. उत्तरेच्या दोघांकडे २४, बाकी सहा जणांकडे शून्य. मधल्या चौघांची पाटी सुरुवातीला शून्य. शिट्टी वाजली की मधल्या प्रत्येकाने आपल्या चार शेजाऱ्यांच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि पाटीवर लिहायची. पहिल्या शिट्टीला उत्तरेचे दोघे ६ वर येतात, दक्षिणेचे शून्यावरच. दुसरीला साडेसात आणि दीड. तिसरीला सव्वाआठ आणि सव्वादोन. प्रत्येक शिट्टीला उडी निम्मी होत जाते, आणि सात-आठ शिट्ट्यांत आकडे जवळजवळ थांबतात, ९ आणि ३ पाशी. पडताळा घ्या. ९ वाल्याचे शेजारी २४, ०, ९, ३. बेरीज ३६, भागिले चार, ९. बरोबर.

ज्या मांडणीत प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्यांची सरासरी असतो तिला हार्मोनिक म्हणायचं. झालं, एवढंच. एका बाजूने तापवलेल्या पत्र्यावर उष्णता पसरून पसरून अखेर स्थिर होते ती याच मांडणीत. मधल्या कुणाचाही आकडा काठावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जात नाही, हे मुलं आपणहून शोधून काढतील. पुढे एखादं चलाख पोर विचारेल, सर, काठच नसेल तर? झाकणाच्या हंड्याला काठ नसतो. तिथे उष्णता पसरत राहिली तर अखेर सगळीकडे सारखीच होते. काठ नाही म्हणजे पकडून ठेवणारं कुणी नाही. हार्मोनिक आहे, पण त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

गंमत पुढे आहे. आकड्यांच्या ऐवजी चढ लिहा. मुलांचं गोल रिंगण करा आणि प्रत्येकाला सांगा, पुढच्या मुलाकडे जाताना किती चढायचं ते लिही. हे चढ जर खऱ्या उंचीवरून आले असतील तर रिंगण पूर्ण केल्यावर बेरीज शून्य. माळशेज चढा, उतरा, पुन्हा मुरबाडला या, जितकं चढलात तितकंच उतरलात. पण समजा प्रत्येकाने १ लिहिलं. कुठेही उभे राहा, मागे एक, पुढे एक, सगळं समतोल. फेरी संपली की मात्र दहा मुलांच्या रिंगणात बेरीज दहा. घाण्याचा बैल जसा चालतच राहतो आणि पोचत कुठेच नाही, तसा हा चढ. जवळून पाहिलं तर साधा उतार वाटतो, पूर्ण फेरी मारल्याशिवाय भानगड लक्षात येत नाही. याला म्हणायचं हार्मोनिक फॉर्म. आणि तो कधी शिल्लक राहतो? मधे भोक असेल तरच. हंड्यावर गुंडाळलेला दोरा सरकवत सरकवत काढून टाकता येतो, म्हणून तिथे असा एकही नाही. चुंबळीवर दोन आहेत. एक लांबून पूर्ण फेरी मारणारा, दुसरा कापडाच्या जाडीभोवती फिरणारा. म्हणजे पृष्ठावर समतोल फेऱ्या किती प्रकारच्या आहेत ते मोजलं की भोकं किती आहेत ते कळतं, भोकं डोळ्यांनी न बघता! हे हॉज या स्कॉटिश गणितज्ञाने १९३० च्या दशकात उभं केलं आणि १९४१ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

आता पटोदीकडे परत. उष्णता सोडल्यावर अगदी पहिल्या क्षणी तिला फक्त आपल्या पायाखालचा वाकडेपणा कळतो, लांबचं काही नाही. खूप वेळ गेल्यावर उरतात ते फक्त हार्मोनिक फॉर्म, म्हणजे भोकांची खबर. या दोहोंच्या हिशेबात एक बेरीज-वजाबाकी अशी आहे की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलतच नाही. म्हणजे सुरुवातीचा हिशेब आणि शेवटचा हिशेब जुळलाच पाहिजे: वाकडेपणाची बेरीज इकडे, भोकांची मोजणी तिकडे. आपलं सातशेवीस आणि शून्य तेच हे, फक्त कितीही मितींच्या जागेसाठी. अडचण अशी की वाकडेपणाच्या बाजूला सूत्रांची अक्राळविक्राळ पिलावळ निघते. मॅकीन आणि सिंगर यांनी १९६७ मध्ये अंदाज केला होता की ती सगळी एकमेकांना छाटून टाकत असावी. खरंच छाटते, हे पटोदीने दाखवलं आणि १९७१ मध्ये ते छापून आलं. कुलाब्याहून.

हार्मोनिक नकाशांचंही सांगून टाकतो, तिथेही हंडाच लागतो. हंड्याच्या पोटाभोवती रबरबँड चढवा. बरोबर मधोमध क्षणभर राहील, जरा हलला की सरकेल. गळ्यापाशी आला की घट्ट बसेल, हलवलात तरी परत तिथेच येईल. पोटाचा बाक सगळीकडून एकाच बाजूला असतो. गळा आडवा आत आवळलेला आणि उभा बाहेर वळलेला, घोड्याच्या खोगिरासारखा. आमच्या भाषेत पोट म्हणजे डोंगराचा माथा आणि गळा म्हणजे खिंड. ताणलेली वस्तू खिंडीत स्थिरावते, माथ्यावरून निसटते. १९६४ मध्ये ईल्स आणि सॅम्पसन यांनी हेच रबरबँडपुरतं न ठेवता कुठल्याही मितीच्या ताणलेल्या पडद्यासाठी सिद्ध केलं. पडदा ज्या बंद जागेवर टाकायचा तिचा वाकडेपणा कुठेही माथ्यासारखा नसेल, तर तो हळूहळू ताण सोडत अखेर समतोल स्थितीला पोचतोच. आणि त्यांनीही वापरली ती उष्णता पसरण्याचीच युक्ती. रबरबँड हा त्यातला सर्वांत साधा प्रकार, एका मितीचा. त्यातून मिळते ती पृष्ठावरची सरळ वाट.

वाटेचा विषय निघाला म्हणून कोसंबींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पण पोटापाण्याचा धंदा गणिताचा. बारा वर्षं फर्ग्युसनमध्ये, मग १९४६ ते १९६२ त्याच टाटा संस्थेत. पुण्याहून डेक्कन क्वीनने जायचे-यायचे. १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा निबंध आला, आणि त्यालाच जोडून एली कार्तां या थोर फ्रेंच गणितज्ञाने त्यावर टिपण लिहिलं. प्रश्न साधारण असा होता: एखाद्या जागेत अंतर कसं मोजायचं ते ठाऊक नाही, फक्त वाटा ठाऊक आहेत. तर तेवढ्यावरून त्या जागेची भूमिती किती कळेल?

हा प्रश्न मला मुरबाडचा वाटतो. वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला लागा. दोन हजार वर्षं लोक त्या वाटेने गेले, बैल गेले, माल गेला. डोंगराची उंची कुणी मोजली नव्हती, नकाशा नव्हता. होती ती फक्त वाट, आणि वाट बरोबर खिंडीत जाते. वर गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा दिली त्याचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात त्या आकड्यांना मोठं स्थान आहे, जगभरच्या गणिताच्या इतिहासांत नाणेघाटाचं नाव येतं. कोसंबींनी सह्याद्रीतल्या जुन्या व्यापारी वाटा आणि लेणी पायी फिरून अभ्यासली. वाटांचं गणित करणारा माणूस आणि वाटा तुडवणारा माणूस एकच, हे मला फार आवडतं. त्यांच्या वडिलांनी, धर्मानंदांनी, पाली ग्रंथांतला बुद्ध मराठीत आणला. मुलाचा इतिहासही मराठीत वाचायला मिळतो. गणित मात्र मला मराठीत कुठे भेटलं नाही.

मुलं पावसाळ्यात नाणेघाटाच्या सहलीला जातात. रांजण बघतात, धबधब्याशी फोटो काढतात, येतात. सहलीबरोबर गणिताचे शिक्षक असतात, तेही फोटो काढतात.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, हे सगळं इंग्रजीत आहे, तेव्हा मुलांना आधीपासून इंग्रजीतून गणित द्या. सेमी-इंग्रजीच्या नावाखाली आमच्याकडे तेच चाललं आहे. पुढे संशोधन करायचं तर इंग्रजी लागेलच, त्याला माझा विरोध नाही. कोसंबींनाही परक्या भाषांतूनच लिहावं लागलं. पण विचार पहिल्यांदा डोक्यात शिरतो तो ज्या भाषेत मूल भांडतं त्या भाषेत. आमच्या कातकरी-ठाकर मुलांना तर पुस्तकातली मराठीच परकी, त्यावर आणखी एक थर चढवून आपण काय मिळवतो? चुंबळीला भोक किती, हे विचारायला ‘टोरस’ हा शब्द लागत नाही. तो नंतर सांगा, पाच मिनिटांत पाठ होईल.

दुसरा आक्षेप माझ्याच मित्रांचा, परिभाषा कुठे आहे? मला हा आक्षेप म्हणजे पळवाट वाटते. हार्मोनिक शब्दाला श्रेढीच्या प्रकरणात ‘हरात्मक’ म्हणतात. तो शब्द हरावरून आलेला वाटतो, आणि इथे हराचा काही संबंध नाही. कशाला ओढाताण? ‘हार्मोनिक’ च म्हणा की, टेबल आणि स्टेशन म्हणतोच ना. व्याख्या मात्र मराठीत द्या: जो आपल्या शेजाऱ्यांची सरासरी असतो तो. शब्द परका आणि अर्थ घरचा चालेल. शब्द घरचा आणि अर्थ कुणालाच कळत नाही, अशी पुस्तकं आपण पुष्कळ पाहिली.

आणि मराठीत सांगता येत नाही म्हणणाऱ्यांना एकच नाव पुरे. जयंत नारळीकर. आइनस्टाइनचं वाकलेलं अवकाश त्यांनी मराठीत सांगितलं, कथांतून सांगितलं, आणि खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांतून ते वाचलं गेलं. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ च्या मे महिन्यात गेले. खगोलाला नारळीकर मिळाले, शुद्ध गणिताला त्या तोलाचं कुणी मिळालं नाही, असं मला वाटतं. टाटा संस्थेच्याच होमी भाभा केंद्राने मराठी शाळांसाठी मनापासून काम केलं आहे, तेही नाकारत नाही. पण ते बव्हंशी अभ्यासक्रमाच्या आतलं. मी म्हणतो ते अभ्यासक्रमाच्या कुंपणापलीकडे काय आहे ते दाखवण्याबद्दल. परीक्षेत विचारू नका, गुण देऊ नका. महिन्याला एक तास द्या.

तिसरा आक्षेप, याचा उपयोग काय? हा प्रश्न जे विचारतात ते स्वतःच्या मुलांना वर्गमूळ काढायला लावताना कधी विचारत नाहीत, म्हणून उत्तर देत नाही.

जे शिक्षक हे वाचत असतील त्यांनी पुढच्या शनिवारी खोका, पिरॅमिड आणि चौकट करून पाहावी. मुलांना सगळं जमलं की दोन खिडक्यांची चौकट द्यावी, शेजारी शेजारी दोन चौकोनी भोकं असलेली. बाहेरचे कोपरे आठच, आतले आता सोळा. बेरीज किती येते ते मुलांनाच काढू द्या, आणि ती उणे का आली तेही त्यांनाच भांडू द्या. दोन चुंबळी एकमेकींना शिवून टाकल्या तर हार्मोनिक फॉर्म दोनाचे किती होतील, हे मी पुतणीच्या मुलाला विचारण्याआधी स्वतः काढलं होतं. चार.